फॉरमॅट मारायला डोळे लागतात का?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात राहतात, शाळेत असल्यापासून पूर्ण अंध आहेत आणि बँकेत नोकरी करतात. घरी २०१८ मध्ये घेतलेला लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज १० आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. बढतीच्या परीक्षेचा सगळा अभ्यास त्याच लॅपटॉपवर चालतो. तो आता सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो, एनव्हीडीए अडखळत बोलतो आणि विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याचा संदेश सारखा येतो. आजवर त्यांचा मोठा भाऊ लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालून, आणत असे. मागच्या वेळी लॅपटॉप परत आला तेव्हा एनव्हीडीए नव्हता, नोट्सचं फोल्डर गायब होतं आणि मध्येच दुकानदाराने फोन करून ईमेलचा पासवर्ड मागून घेतला होता. या वेळी हे काम स्वतः करायचं त्यांनी ठरवलं आहे. भाऊ म्हणतो, "फॉरमॅट मारायला स्क्रीन बघावी लागते, काहीतरी उडवून बसशील." आईचंही तेच मत. त्या विचारतात: न बघता हे पहिल्यापासून शेवटपर्यंत होतं का? विंडोज ११ घ्यावं की लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम? आणि दादाला समजवायचं कसं? पत्राचं शेवटचं वाक्य असं आहे: "कोणाचीही मदत न घेता करून दाखवायचंय."

तुमचं पत्र वाचून आधी एक गोष्ट मनात आली, ती सांगून टाकते. दादा म्हणतो तू काहीतरी उडवशील. पण तुमच्या घरात आजवर नोट्स उडवल्या कोणी? दोन्ही डोळे धडधाकट असलेल्या माणसाने, दुकानात बसून, स्क्रीनकडे बघत. फाइली उडतात त्या कॉपी न काढल्याने आणि काय पुसतोय हे न विचारल्याने. हा मुद्दा भांडणात वापरू नका, पण मनाशी पक्का असू द्या, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावरच उभं आहे.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, होतं. मी स्वतः स्क्रीन रीडरवरच काम करते आणि माझी मशीन मीच बसवते. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून विंडोज बसवणाऱ्या प्रोग्राममध्येच, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये, नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर आहे. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला की कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबायची, नॅरेटर बोलायला लागतो. तिथून प्रत्येक पान वाचून दाखवतो, इंग्रजीत. मधल्या काही जागा मात्र मुक्या आहेत. त्यांच्याबद्दल खाली सविस्तर सांगते, कारण लोक अडकतात ते तिथेच.

त्याआधी मला तुमच्या "फॉरमॅट मारायचंय" या गृहीतकाकडेच जरा बघायचंय. लॅपटॉप हळू झाला की फॉरमॅट, हा आपल्याकडचा जुना रिवाज. २०१८ मध्ये आपल्या बजेटमध्ये येणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असायची. तुमच्यातही तीच असेल तर फॉरमॅट मारून दोन महिने बरे जातील आणि मशीन पुन्हा मूळ पदावर येईल. एनव्हीडीएचं अडखळणं बऱ्याचदा त्या डिस्कमुळेच असतं: बटण आपण दाबतो आणि आवाज येईपर्यंत डिस्क आपली शोधत बसते. यावर इलाज एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या भागात जा. डिस्कच्या शेजारी एचडीडी, म्हणजे फिरती डिस्क, आहे की एसएसडी, ते एनव्हीडीए वाचून दाखवेल.

एचडीडी निघाली तर माझा सल्ला स्पष्ट आहे. २५६ जीबीची एसएसडी घ्या आणि ती बसवण्याचं स्क्रू ड्रायव्हरचं काम तेवढं दुकानातून करून घ्या. दुकानदाराला सांगा: नवी डिस्क कोरी ठेवायची, विंडोज घालायचं नाही, जुनी डिस्क परत द्यायची. आणखी थोडे पैसे देऊन त्या जुन्या डिस्कला यूएसबीचं केसिंग घ्या, म्हणजे ती बाहेरची डिस्क म्हणून जोडता येईल.

असं केल्याने तीन गोष्टी साधतात. तुमच्या सगळ्या फाइली जुन्या डिस्कवर, लॅपटॉपच्या बाहेर, सुखरूप राहतात; तुम्ही इन्स्टॉलरमध्ये कोणतंही बटण दाबलं तरी तिथे पोचणार नाही. दुसरं, डिस्क निवडण्याचं जे पान सगळ्यांना घाबरवतं त्यावर निवडायला फारसं काही उरत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते: डिस्क कोरी असल्यामुळे सुरू होण्याजोगं त्या मशीनमध्ये काहीच नसतं, म्हणून बरेचसे लॅपटॉप आपसूक पेनड्राइव्हकडे वळतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जाग्या होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरायची वेळच येत नाही.

जुनी डिस्क काढण्याआधी दोन कामं मात्र करायची. सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का ते बघा. असेल तर बंद करा, किंवा ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की फोनमध्ये उतरवून ठेवा, नाहीतर ती डिस्क बाहेरून जोडल्यावर उघडणार नाही. आणि इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह याच जुन्या विंडोजवर बसून तयार करा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल एनव्हीडीएने वापरता येतं. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. तो तयार झाला की त्यावरच एक फोल्डर करून एनव्हीडीएची इन्स्टॉल करायची फाइल टाकून ठेवा.

आता विंडोज ११ की लिनक्स. आधी तुमचा लॅपटॉप विंडोज ११ ला चालतो का ते बघू. सेटिंगमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडून प्रोसेसरचं नाव ऐका. इंटेल असेल तर आय५-८२५०यू असं काहीतरी ऐकू येईल. त्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी. आठ किंवा वर असेल तर बहुतेक चालेल, सात असेल तर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसणार नाही. २०१८ मध्ये विकले गेलेले कितीतरी स्वस्त लॅपटॉप सातव्या पिढीच्या आय३ वर होते, म्हणून हे आधी तपासायचं. शिवाय टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी लागतात. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे सगळं एकदम तपासून सांगतं.

लॅपटॉप पात्र असेल आणि त्यात आधीपासून एसएसडी असेल, तर तुम्हाला फॉरमॅटची गरजच नाही. चालू विंडोज १० मधूनच विंडोज ११ चा सेटअप सुरू करा आणि फाइली व प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडा. पहिल्या रीस्टार्टपर्यंत एनव्हीडीए स्वतः सगळं वाचत असतो आणि काम संपल्यावर तो जागच्या जागी असतो. मंद डिस्कचा प्रश्न नसलेल्या वाचकांनी याच्या पुढे वाचलं नाही तरी चालेल.

पात्र नसेल तर? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून देण्याची सोय जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न भरता मिळते. परीक्षा जवळ आली असेल तर मी हाच रस्ता धरीन: एसएसडीवर पुन्हा विंडोज १०, त्यावर वाढीव अपडेट, आणि पुढचा निर्णय निकालानंतर. अपात्र मशीनवर जुगाड करून विंडोज ११ चढवण्याचे उपाय लोक सांगतात. ते चालतातही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही. अभ्यासाच्या मशीनवर तो खेळ कशाला?

लिनक्सबद्दल माझं मन जरा हळवं आहे, कारण अंध माणसाचा विचार करून बनवलेला सगळ्यात नेटका इन्स्टॉलर मला डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा वाटतो. पेनड्राइव्हवरून मेनू तयार झाला की मशीन बीप करते, जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर एकदा आणि यूईएफआय ही नवी पद्धत असेल तर दोनदा. मग एस दाबून एंटर मारायचा. तिथून तो बोलत एकेक प्रश्न विचारतो, पर्यायांना क्रमांक असतात, हवा तो क्रमांक टाइप करायचा. बसवून झालेल्या सिस्टिमवरही आवाजाची सोय तोच करून ठेवतो. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे अक्षरं बोटांखाली उमटवणारं यंत्र, वापरणाऱ्यांचीही तिथे सोय आहे, त्यामुळे ज्यांना ऐकूही येत नाही त्यांना हाच रस्ता सुचवते.

पण इन्स्टॉल करणं सोपं असणं वेगळं आणि रोज त्यावर राहणं वेगळं. तिथला ऑर्का हा स्क्रीन रीडर चांगला आहे, तरी त्याची बटणं, सवयी आणि वर्ड ऐवजी येणारं लिब्रेऑफिस हे सगळं नव्याने शिकावं लागतं. बँकेत विंडोज आणि घरी लिनक्स अशी दोन डोकी परीक्षेच्या वर्षात ठेवू नका. उत्सुकता असेल तर उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराचा पेनड्राइव्ह करा, "ट्राय" करण्याच्या पद्धतीने चालवा, ऑल्ट, विंडोज आणि एस दाबून ऑर्का सुरू करा आणि लॅपटॉपला हात न लावता आठवडाभर खेळून बघा.

आता त्या मुक्या जागा.

पहिली, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करणं. कोरी डिस्क असूनही मशीन वळलीच नाही, तर सुरू होताना बूट मेनूचं, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीचं, बटण सेकंदाला एकदा असं दाबत राहायचं: डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. काही मशीनवर सोबत एफएन लागतं. हा मेनू आणि बायोस सहसा बोलत नाहीत, कारण तिथे आवाजाची कोणतीच यंत्रणा जागी झालेली नसते. इथे फोन कामी येतो. बी माय आइज या ॲपवर स्वयंसेवकाला कॅमेऱ्यातून स्क्रीन दाखवा, किंवा गूगलच्या लुकआउटने, नाहीतर सीइंग एआयने मजकूर वाचून घ्या. चमकणाऱ्या स्क्रीनवर ही वाचणारी ॲप कधीकधी भलतंच वाचतात. कोणती ओळ निवडलेली आहे हे तर त्यांना हमखास कळत नाही. माणूस बरा. जुन्या विंडोजमधून हे करणाऱ्यांना आणखी एक वाट आहे: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडलं की जो मेनू येतो, त्यातल्या "यूज अ डिव्हाइस" मधून पेनड्राइव्ह निवडता येतो.

दुसरी, इन्स्टॉलर सुरू झालाय पण नॅरेटर बोलत नाही. दोन शक्यता असतात. एक, तुम्ही घाई केली. ती तीन बटणं नॅरेटर चालूही करतात आणि बंदही, त्यामुळे घाबरून पुन्हा पुन्हा दाबली तर बोलू लागलेला नॅरेटर आपणच गप्प करतो. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, एकदा दाबा, मनात वीस मोजा, मगच पुन्हा. दुसरी शक्यता, लॅपटॉपच्या साउंड कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्राम, इन्स्टॉलरकडे नाही. यावर स्वस्तातला यूएसबी हेडफोन जवळ ठेवा. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं आणि साध्या ड्रायव्हरवर ते बहुधा चालतं. एरवीही हा हेडफोन घरात असावा. कोणत्याही अपडेटनंतर आवाज गेला की पहिला उपाय तोच.

मधली पानं बोलकी आहेत. भाषा, कीबोर्ड, परवाना. प्रॉडक्ट की मागितली तर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" निवडा. लॅपटॉप मुळात विंडोजसकट आला असेल तर ती की मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते आणि आपल्याकडे बहुधा येणारी होम सिंगल लँग्वेज ही आवृत्ती इन्स्टॉलर स्वतः ओळखतो. डिस्कच्या पानावर आकार ऐका. २५६ जीबीची एसएसडी तिथे साधारण २३८ म्हणून ऐकू येते, "अनॲलोकेटेड" म्हणजे कोरी जागा या शब्दासोबत. पेनड्राइव्हचा आकडा त्याच्या जवळपासही नसतो. २३८ ऐकलं की नेक्स्ट. ज्यांची जुनी डिस्क आतच आहे त्यांनी इथे थांबावं आणि बॅकअप खरोखर उघडून पाहिला होता का हे स्वतःला विचारावं. निव्वळ कॉपी झाली म्हणून भागत नाही, दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून ऐकायच्या.

तिसरी मुकी जागा रीस्टार्टची. मशीन आपणहून बंद-चालू होते आणि प्रत्येक वेळी नॅरेटर आपल्यालाच उठवावा लागतो. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या. ते राहून गेलं आणि पुन्हा भाषा विचारली गेली तर समजायचं, मशीन पेनड्राइव्हवरूनच परत सुरू झालीय. पेनड्राइव्ह काढून ती बंद करून चालू करा. मग देश, कीबोर्ड आणि इंटरनेट. नव्या विंडोजला वायफायचा ड्रायव्हर सापडला नाही तर या पानावर लोक तासभर अडकतात. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला ते तारेचं इंटरनेट वाटतं आणि गाडी पुढे सरकते. पासवर्ड आणि पिन तुम्ही स्वतः टाका. हे सगळं करण्याचं अर्धं कारण तर तेच आहे ना?

डेस्कटॉप आला की पेनड्राइव्ह परत जोडून एनव्हीडीए बसवा, नॅरेटर बंद करा आणि एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये साइन इनच्या पानावरही तो बोलेल असं करून ठेवा. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाज देणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज आहे, नोट्स लगेच ऐकता येतील. विंडोज ११ घेतलंत आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलंत तर नवी डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. रिकव्हरी की त्या खात्यात नोंदली जाते, ती त्याच दिवशी फोनमध्ये उतरवून घ्या. पुढे काही अडलं तर दुसऱ्या गावातली एनव्हीडीए वापरणारी मैत्रीण तुमच्या मशीनवर येऊन ऐकू शकते. २०२५ च्या आवृत्तीपासून ही दूरवरून जोडण्याची सोय एनव्हीडीएमध्येच आहे.

ज्यांना हे करायचं नाही, दुकानातच द्यायचं आहे, त्यांनाही माझी हरकत नाही. फक्त पैसे देण्याआधी काउंटरवर उभं राहून नॅरेटरची ती तीन बटणं दाबा. काही ठिकाणी कापून हलकी केलेली विंडोज घालतात आणि त्यातून नॅरेटरच काढून टाकलेला असू शकतो. बोलला नाही तर लॅपटॉप तिथेच ठेवा. दुकान चालवणाऱ्या वाचकांनाही सांगणं आहे की गिऱ्हाईक स्क्रीन रीडर वापरत असेल तर एनव्हीडीए बसवायला फार तर पाच मिनिटं लागतात, आणि तो फुकट आहे.

आता "कोणाचीही मदत न घेता". हे वाक्य तुम्ही दादावरच्या रागातून लिहिलंय असं मला वाटतं, आणि राग समजण्यासारखा आहे. पण बायोसची स्क्रीन मुकी आहे हा बायोस बनवणाऱ्यांचा कमीपणा आहे, तो भरून काढायला कोणाचे दोन मिनिटं डोळे घेतले तर तुमचं काही कमी होत नाही. दुकानात लॅपटॉप दिला तेव्हा तुम्ही पासवर्ड दिला, काय ठेवायचं नि काय पुसायचं तेही त्यांच्यावर सोडलं. दादाने एक ओळ वाचून दाखवली तर यातलं काहीच हातचं जात नाही. डोळस माणसंही प्रिंटर अडला की शेजाऱ्याच्या मुलाला बोलावतात. त्याला कोणी परावलंबन म्हणत नाही.

म्हणून दादाला समजवायला जाऊ नका, त्याला काम द्या. एसएसडी बसवून आणणं हे त्याचं. मग परीक्षेपासून दूरचा एखादा शनिवार ठरवा, सकाळची वेळ, लॅपटॉप चार्जरवर. त्याला सांगा, "दादा, मी हाक मारली तर ये आणि जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाच. बटण मी दाबणार." हे शेवटचं वाक्य आधीच बोलून ठेवा, कारण वाचता वाचता हात पुढे जाण्याची सवय घरच्यांना असते आणि ऐनवेळी सांगितलं की ते भांडण वाटतं. एनव्हीडीए लिहायला घेणारा मायकल करन आणि त्याचा साथीदार जेम्स टे, दोघेही अंध आहेत, हेही सहज बोलता बोलता त्याच्या कानावर घाला. आणि केसिंगमधली ती जुनी डिस्क त्याच्याच कपाटात ठेवायला द्या. तुम्ही काही उडवलंच तर कुठून परत आणायचं, ते त्याला माहीत असेल.